पाचव्याचा श्वास

चौघांच्या एका बँडच्या अगदी पहिल्या तबकडीवर, पहिले गाणे सुरू होण्याच्या नेमके आधी, कोणीतरी श्वास घेते असे एका बाईचे म्हणणे होते. तो श्वास कोणाचा? तबकडी आजही जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे सापडते. चांगल्यात चांगल्या यंत्रावर वाजवून पाहिली तरी सुईच्या खरखरीपलीकडे काही हाती लागत नाही; आणि तरीही, खरखर आणि पहिला ठोका यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या फटीत काहीच नाही, असे छातीठोकपणे सांगवत नाही. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर येथे मिळणार नाही. सांगता येते ते इतकेच, की ती बाई कोण होती आणि त्या श्वासापायी तिचे काय झाले.

तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात तिला सगळे 'कानवाली' म्हणत. आधी हे चेष्टेने पडलेले नाव होते, पुढे मानाचे झाले. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा ठोकलेला, पायाखाली रबर, आणि लाकडी फळ्यांनी पाडलेले खण. प्रत्येक खणात एक खुर्ची, एक वाजवायचे यंत्र, हेडफोनची एक जोडी आणि एक बाई. छापून आलेल्या थप्पीतली एखादी तबकडी उचलायची, ऐकायची. निर्दोष असेल तर थप्पी उजवीकडे, नसेल तर डावीकडे. डावीकडे गेलेल्या मालाचे काय होते याची चौकशी कोणी करत नसे.

नव्या बाईला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाई : गाणे ऐकायचे नाही. गाण्यात रमलेल्या कानाला दोष सापडत नाही, अशी त्या खोलीची श्रद्धा होती. ऐकायचे ते गाण्याच्या आधीचे, नंतरचे आणि मधले. जिथे काही असू नये तिथे काही आहे का, एवढेच. वर्षानुवर्षे हे केल्यावर त्या बायकांची एक विचित्र अवस्था होई. जगात गाजलेली गाणी त्यांच्या कानांवरून रोज जात, पण त्यांतले एकही त्यांना गुणगुणता येत नसे. त्यांना पाठ असत त्या फक्त शांतता.

कानवालीला ही खुर्ची प्राणाहून प्यारी होती, आणि त्याला कारण होते. लग्नानंतर दोनच वर्षांत ती भावाकडे परतली होती. का परतली हे कोणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. भावाचे चष्म्यांचे दुकान होते. स्वभावाने तो सज्जन, वहिनीही वाईट नव्हती. जिन्याखालची खोली तिची, हेही कोणी कधी नाकारले नाही. पण त्या घरात पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत इथपासून भाचीला कोणत्या कॉलेजात घालावे इथपर्यंत काहीही ठरताना तिला विचारायचे कोणाच्या मनातही येत नसे. खणातल्या खुर्चीवर मात्र तिने 'डावीकडे' म्हटले की हजार तबकड्या डावीकडे जात, आणि साहेबलोकही हूं की चूं करत नसत.

ही खुर्ची जाण्याचा एकच मार्ग होता. वर्षातून एकदा कानाचे डॉक्टर येत. शिट्ट्या वाजवत, काटे पाहत, आणि शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत : "यंत्रात नसलेलं काही कधी ऐकू येतं का?" सगळ्याजणी 'नाही' म्हणत. पूर्वी एका बाईला प्रत्येक तबकडीत तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येऊ लागले होते. तिने ते खरे खरे सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून ती पॅकिंगच्या शेडमध्ये खोकी चिकटवू लागली. खोलीत याला 'आतलं ऐकू येणं' म्हणत, आणि महारोगाचे नाव घ्यावे तितक्या हळू आवाजात ते बोलत.

बँडची पहिली तबकडी कारखान्यात आली तेव्हा त्या चौघांना त्यांची गल्ली सोडून कोणी ओळखत नव्हते. ड्रम वाजवणारा टायरच्या दुकानात कामाला होता, गिटार वाजवणारे दोघे सख्खे भाऊ होते, चौथा शिक्षण अर्धवट टाकून बसलेला. गालिच्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर ते तालीम करत. दोन गाण्यांची लहानशी तबकडी, ऑर्डर इतकी किरकोळ की सुपरवायझरने ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकायला कानवालीच्या खणात आणून ठेवली.

तिने सुई टेकवली. खरखर. आणि मग कोणीतरी श्वास घेतला.

तोंडाने घेतलेला, खोल, छाती भरून घेतलेला श्वास. पाण्यात बुडी मारण्यापूर्वी माणूस घेतो तसा. वाद्ये समोर होती, श्वास मात्र डाव्या खांद्यामागे होता. तिने मागे वळून पाहिले. मागे नमदा होता. लगेच चारही वाद्ये एकाच क्षणी कोसळली, जणू एकाच हाताने वाजवली असावीत. तिने दुसरी तबकडी लावली, मग थप्पीच्या तळातली एक काढून लावली. श्वास तिथेच, तेवढाच.

शेजारच्या खणातल्या बाईला तिने हाक मारली. "अगं, जरा हे ऐक बरं. सुरुवात फक्त."

शेजारणीने ऐकले. "काय आहे?"

"गाण्याच्या आधी."

"काही नाही गं. कोरं आहे." शेजारणीने हेडफोन काढून तिच्याकडे निरखून पाहिले. "का? तुला काय ऐकू आलं?"

"काही नाही," कानवाली म्हणाली, आणि थप्पी उजवीकडे सरकवली.

त्यानंतरच्या वर्षभरात त्या चौघांचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. रेडिओने ते गाणे उचलून धरले, दुसरी तबकडी आली, तिसरी आली, आणि एकेकाळची किरकोळ ऑर्डर आता कारखान्याचे दोन-दोन पाळ्यांचे काम होऊन बसली. भाचीने भिंतीवरचे सगळे फोटो काढून तिथे त्या चौघांना लावले.

"आत्या, तू त्यांची गाणी आमच्या आधी ऐकतेस! आणि तुला एक ओळ येत नाही? धन्य आहेस."

"मला ओळी ऐकायचा पगार नाही मिळत."

"बरं, सुरुवात तरी ऐकलीस का? सगळे बँड एक-दोन-तीन-चार मोजतात. हे मोजतच नाहीत! एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, आणि एकदम सुरू. पेपरात आलंय, कुणालाच कळत नाही ते कसं जमवतात."

कानवाली हातातली उशी नीट करत होती, ती तशीच थांबली.

"रेडिओवर," तिने सहज विचारल्यासारखे केले, "सुरू व्हायच्या आधी तुला काही ऐकू येतं?"

"निवेदकाची बडबड," भाची म्हणाली.

श्वास प्रत्येक तबकडीवर होता. दुसऱ्या तबकडीवर तो खांद्यामागे राहिला नाही, कानाशी आला. तिसरीच्या वेळी हेडफोन चढवताना तिच्या लक्षात आले की आपण त्याची वाट पाहत आहोत. आणि वाट पाहणारा कान कामाचा उरत नाही. श्वास ऐकून झाला की पुढे ती भानावर नसे. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध सुई उडते, हे तिच्या हातून सुटले. दुकानदारांनी माल परत पाठवला.

"बाई, तुमच्या खणातला माल परत आलाय," सुपरवायझर म्हणाला. हे वाक्य तिने आयुष्यात प्रथमच ऐकले. "तुमच्या! दुसऱ्या कुणाचं असतं तर बोललो नसतो. कान गहाण टाकलेत की काय?"

खोलीत हशा पिकला नाही. ते जास्त वाईट होते.

थोड्याच दिवसांत चौघांची पहिली मोठी तबकडी यायची होती. नमुन्याच्या प्रती काढून आधी एखाद्या जुन्या, जाणत्या बाईला ऐकवत, आणि त्यावर तिचा शब्द अखेरचा असे. कानवालीने दार लावून घेतले आणि डोळ्यांत तेल घालावे तसे कानांत प्राण आणून ती बसली. प्रत्येक गाण्याआधी श्वास होता. आता त्यात ओठ सुटे झाल्याचा बारीकसा आवाजही होता. आणखी एक चूक झाली तर खुर्ची गेली, हे तिला पक्के माहीत होते. आणि जिथे काही असू नये तिथे काही असेल तर तो दोष, हे तर तिच्या हाडीमाशी भिनलेले. ती उठली, आणि ध्वनिफितीवरून लाखेच्या तबकडीत खाचा कोरणाऱ्या काकांकडे गेली.

"प्रत्येक गाण्याच्या आधी श्वासाचा आवाज आहे," तिने सांगितले. "काढायला हवा."

काकांनी फीत दोनदा ऐकली. त्यांना काही सापडले नाही. पण आजवर या बाईने दाखवलेला दोष कधी खोटा ठरला नव्हता. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," ते म्हणाले, पाते काढले, प्रत्येक गाण्याच्या आरंभाचा फितीचा तुकडा थेट पहिल्या ठोक्यापर्यंत छाटला आणि त्या जागी कोरी पांढरी फीत चिकटवली. छाटलेले तुकडे केरात गेले. टापटिपीचा माणूस, केर रोज जाळत असे.

नवी तबकडी तिने ऐकली. खरखरीनंतर जे होते त्याला शांतता म्हणणे कठीण होते. बंद केलेल्या विहिरीवर कान ठेवावा तसे वाटले. तिने ती उजवीकडे ठेवली.

आठवड्याने तिच्या खणात परकी भाषा शिकवणाऱ्या तबकड्यांची थप्पी आली. 'नमस्कार, आपण कसे आहात' हे वाक्य सुरू होण्याआधी कोणीतरी छाती भरून श्वास घेतला. पुढची तबकडी मुलांच्या गोष्टींची. तिच्यातही.

"अगं," जेवताना तिने शेजारणीला विचारले, "डावीकडचा माल जातो कुठे?"

"जातो कुठे म्हणजे? दळतात आणि नव्या मालात मिसळतात. तुझ्या त्या चौघांचा परत आलेला माल परवा रद्द झाला ना, तो आता कुणाच्या तरी भजनात असेल," शेजारण हसली. मग तिचे हसू मावळले. "तू अशी पांढरी का पडलीस?"

दळलेल्या मालातून श्वास आणखी पसरू नये म्हणून त्या दिवसापासून कानवाली सगळ्याच थप्प्या उजवीकडे ठेवू लागली.

ड्रमवाला तिला भेटायला आला तो भर दुपारी, कारखान्याच्या फाटकापाशी. डोक्यावर टोपी ओढलेली. पोरी ओळखतील म्हणून असावी. भाचीच्या भिंतीवर जो हसत होता तो हा नव्हे. डोळे खोल गेलेले, नखे कुरतडलेली.

"कोरणारे काका म्हणाले, श्वास तुम्हाला ऐकू आला. खरं का, मावशी?"

फाटकातून बायका ये-जा करत होत्या. "हळू बोल," ती म्हणाली. "कोण आहे तो?"

त्याने जे सांगितले ते असे. बँड मुळात पाच जणांचा होता. पाचवा गाणारा; उंच म्हणून त्याला लांब्या म्हणत. मोजणीची त्याला चीड. तो श्वास घ्यायचा आणि बाकीचे त्या श्वासावर वाजवायला लागायचे. एकदा बाहेरगावी वाजवून परतताना तो टेम्पोत सामानावर आडवा झाला. बाकीचे चौघे त्याच्याच बाजूला.

"वाटभर त्याचा श्वास ऐकू येत होता," ड्रमवाला म्हणाला. "जोरात चालायचा त्याचा श्वास, आम्ही चेष्टाही केली. घरी पोचून उठवायला गेलो तर गार. डॉक्टर म्हणाले, तुम्ही निघण्याच्या आधीच गेलाय हा."

कोणी ऐकत नाही ना, म्हणून कानवालीने फाटकाकडे पाहिले.

"नंतर तालमीला उभे राहिलो. मोजायचं कुणी, हेच ठरेना. आणि मग आला. चौघांनाही आला असणार, कारण चौघेही एकदम सुरू झालो. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. एकमेकांतही नाही. आता ती मोठी तबकडी निघाल्यापासून…" त्याने हात झटकले. "येतच नाही. पुढच्या शनिवारी मैदानावर कार्यक्रम आहे, अख्खं गाव लोटणार, आणि आम्हाला एक गाणं एकत्र सुरू करता येत नाहीये. नवशिक्यांसारखे मागेपुढे होतोय. काकांना म्हटलं, तुकडे परत जोडा. म्हणाले, जाळले."

"मी दोष समजले," ती म्हणाली.

"तुम्हाला अजून येतो ऐकू?"

खोटे बोलणे सोपे होते. "येतो," ती म्हणाली.

"मग रविवारी माळ्यावर या. तुम्ही फक्त बसा, आणि तो आला की बोट वर करा."

रविवारी दुपारी ती गेली. माळ्यावर न विकलेले गालिचे छतापर्यंत रचलेले होते. आवाज त्या खोलीत शिरला की परत येत नव्हता. तिच्या खणासारखेच होते सारे, फक्त मोठे. चौघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मध्ये एक जागा मोकळी होती, आणि कोणी तिथे पाय ठेवत नव्हते. ड्रमवाल्याने आरसा असा लावला होता की तिचे बोट त्याला दिसावे. धाकट्या भावाने कपाळाचा घाम पुसला. बाहेर लख्ख ऊन होते. फळ्यांच्या फटींतून त्याच्या रेघा जमिनीवर पडल्या होत्या आणि त्यांत धूळ हलत होती.

तिने कान लावला. मोकळ्या जागेतून काही आले नाही. डाव्या खांद्यामागूनही नाही. ती ऐकत राहिली, आयुष्यात कधी ऐकले नसेल असे. चौघांच्या घड्याळांची टिकटिक तिला वेगवेगळी ऐकू आली. कोणाच्या तरी गुडघ्याचा सांधा वाजला. तिचे बोट मांडीवर तसेच पडून होते. छातीत कळ आली तेव्हा तिच्या ध्यानात आले, ऐकता ऐकता आपण श्वास रोखून धरला आहे. नाइलाज झाला. तिचे तोंड उघडले, आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

चारही वाद्ये एकाच क्षणी कोसळली.

गाणे संपले तेव्हा मोठा भाऊ भिंतीला टेकून रडत होता. ड्रमवाला धावत तिच्यापाशी आला. "आला! ऐकलात ना? तुम्ही बोटही वर केलं नाहीत, त्याच्या आधीच आम्हाला आला!"

"तो मी घेतला," कानवाली म्हणाली.

ड्रमवाला तिच्यासमोर उकिडवा बसला. "असेल. पण आवाज त्याचा होता, मावशी."

"माझा होता. मला कळत नाही का?"

"पहिल्या तबकडीवरचा कसा होता? असाच ना?"

तसाच होता. खोल, तोंडाने घेतलेला, आणि मोठ्या तबकडीच्या वेळी आला होता तो ओठ सुटे झाल्याचा बारीक आवाजही. आजवर ज्याचे वर्णन ती मनाशी करत आली होती ते अक्षर न अक्षर तिच्या स्वतःच्या छातीतून बाहेर पडले होते. मग इतके दिवस हेडफोनमध्ये कोण होते? ती स्वतःच असेल, तर नसलेला दोष दाखवून तिने या पोरांची सुरुवात छाटायला लावली होती. आणि तो असेल, तर तो आता कुठे राहायला आला होता?

"शनिवारी याल ना?" ड्रमवाला विचारत होता. "पडद्यामागे खुर्ची ठेवतो. दर कार्यक्रमाला ठेवतो. तुम्ही फक्त…"

"नाही रे बाबा," ती उठली. जिन्याचा कठडा तिने घट्ट धरला होता. "माझा श्वास मला लागतो. तुम्ही आपले मोजा. मोजायची लाज कसली? सगळं जग मोजतं."

डॉक्टर गुरुवारी आले. शिट्ट्या वाजल्या, काटे हलले. तिचा कान खोलीतल्या सगळ्यांत तल्लख निघाला. डॉक्टर सुपरवायझरकडे पाहून कौतुकाने हसलेदेखील. मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"यंत्रात नसलेलं काही कधी ऐकू येतं का?"

'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता; दरवर्षीच असे. एवढे म्हटले की खुर्ची राहणार होती. पण त्या खुर्चीवर बसून 'आहे' आणि 'नाही' एवढेच तर सांगायचे होते. स्वतःचा श्वास आणि तबकडीवरचा यांतला फरक ज्या कानाला सांगता येत नाही, त्याने बाकीच्यांच्या मालाचा न्याय कोणत्या तोंडाने करायचा? त्या घरात तिला कोणी काही विचारत नव्हते. इथे विचारत होते, आणि उत्तर खरे मानत होते.

"येतं," ती म्हणाली.

सुपरवायझरने खुर्ची सरकवली. "बाई, नीट विचार करून बोला. थकला असाल."

"नीट विचार केलाय, साहेब. येतं. आत्ताही येतंय."

डॉक्टरांनी मान वर केली. खोलीत कोणी हलत नव्हते. शेजारणीने कानांवर हात ठेवले होते.

शनिवारी भाची मैदानावरून परतली ती घसा बसवून. "आत्या, काय झालं माहितीय? त्यांनी मोजलं! ड्रमवाल्याने काठ्या आपटल्या आणि ओरडला, एक, दोन, तीन, चार! आणि मग आख्खं मैदान त्याच्याबरोबर! हजारो लोक! असं आजवर कधीच झालं नव्हतं!"

"छान झालं," कानवाली म्हणाली. "एकत्र सुरू झाले ना?"

"अगदी एकत्र. पण आधी ना, दोघंतिघं घाबरल्यासारखे मध्ये बघत होते. तिथं काहीच नव्हतं."

सोमवारपासून कानवाली पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊ लागली. दारे सताड उघडी, पत्र्यावर ऊन, बायकांचा कलकलाट. खोकी चिकटवताना कानांना काम नव्हते. जुन्या खोलीतली एकही मैत्रीण पहिले काही महिने तिच्या शेजारी जेवायला बसली नाही. शेडमधल्या बायकांना मात्र तिची भीती वाटत नव्हती. उलट आत काय ऐकू येते ते तिने सांगावे म्हणून त्या तिच्या मागे लागत, आणि ती कधी सांगत नसे.

१९८४ च्या एप्रिलमध्ये कारखान्याने तबकड्या ऐकून पाहण्याची खोली बंद केली; त्या वेळी ती पॅकिंग विभागाची प्रमुख होती.